काटा भरलेला, टाकी रिकामी

सगळ्यात आधी आला तो किम-चुई. चंद्राच्या सणाला बोलावलं होतं संध्याकाळी, चंद्र वर आल्यावर, आणि हा भर दुपारी अंगणात हजर, स्कूटरला पान्ह्यांची पेटी बांधून, जणू सॉसेज भाजायला पान्हे लागतात. मी म्हटलं, काय रे, चंद्र कुठाय अजून? तर म्हणतो, वहिनी, चंद्र येईल त्याच्या वेळेनं, मी बियर थंड झाली का ते बघायला आलोय. मग फ्रिज उघडून उभाच राहिला, सगळा गारवा बाहेर, आणि तेवढ्यात

थांब. आशीर्वाद राहिले. लिएन, तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि भाऊजींच्या खोकल्याला तुझ्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. किती ठणठणीत, तेच सांगायला हे पत्र आहे. तुमच्या कीलुंगचा पाऊस थांबला का, हे विचारत नाही. थांबला असता तर तूच फोन करून ओरडली असतीस. हे सगळं मी फोनवरच सांगणार होते, पण तुला कमी ऐकू येतं, मी आवाज चढवला की समोरची बाई टीव्ही बंद करून कान लावते, आणि यातला शेवटचा भाग तिनं ऐकण्यासारखा नाही. म्हणून रात्रशाळेत शिकलेली अक्षरं कामाला लावली आहेत. तिथल्या बाई म्हणायच्या, पत्रात एका वेळी एकच गोष्ट लिहावी. (त्या बिचाऱ्या एकट्याच राहायच्या, त्यांच्याकडे एका वेळी एकच गोष्ट घडत असणार.)

तर पहिल्यापासून सांगते. आपला निळा टेम्पो तुला माहीत आहे. ह्यांनी घेतलेला, ह्यांच्या मागे मी चालवते, बागेतली पपनसं मादौच्या बाजारात नेते, आणि बाजारात माझ्या शेजारी आलेवाली बसते, तिच्या सुनेच्या गोष्टी ऐकून घरी येते. ह्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा एकच नियम सांगितला होता: पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की पंपावर जायचं, मग आभाळ कोसळलं तरी. इतकी वर्षं मी तो नियम पाळला. पण यंदा नव्या वर्षानंतर काटा अर्ध्यावर येईचना. बाजारात जाऊन आले तरी भरलेला, डोंगराकडच्या देवळाला जाऊन आले तरी भरलेला. मला काही खटकलं नाही. म्हटलं, गाडीचं वय झालं, माझ्यासारखीच आता कमी खात असेल. उलट कौतुकच वाटलं. आलेवालीला सांगितलंसुद्धा, आमची गाडी वासावर चालते.

आणि मग थडगी झाडायच्या दिवशी पुलावर गाडी बंद. मागे उकडलेली कोंबडी, मासा, फळं, फुलं, जाळायचे कागदी पैसे, सगळा नैवेद्य. तिकडे टेकडीवर सासूबाई, सासरे आणि हे जेवायला खोळंबलेले. काटा बघितला तर भरलेला. किम-चुईला फोन केला. (किम-चुई म्हणजे नाक्यावरचा मेकॅनिक, ह्यांचा शाळेतला मित्र, तुझ्या लग्नात पंगतीत गायला उठला होता तो, खाली बसवायला दोघं लागले होते.) त्यानं येऊन कॅनमधलं पेट्रोल ओतलं, गाडी सुरू झाली. सासूबाईंना जेवण उशिरा मिळालं, आणि त्या दिवशी माझी पाठ धरली. यात काही संबंध नाही असं तू म्हणशील, पण सासूबाई तुझ्या नव्हत्या.

किम-चुईनं लगेच निदान केलं. गाडीसमोर काचेखाली मक्याच्या फुग्यांच्या खाऊचं हिरवं पाकीट होतं, ते त्यानं उलटं करून तारीख वाचली आणि डॉक्टर एक्स-रे बघून मान हलवतात तशी मान हलवली. म्हणाला, वहिनी, मागच्या वर्षीच संपलंय हे, गाडी कशी वागेल शहाण्यासारखी. ते पाकीट बिंग-हुईनंच ठेवलेलं. माझा लेक आता शिंचूच्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर आहे, तिथं प्रत्येक मशीनवर असं पाकीट ठेवतात म्हणजे मशीन रुसत नाही. हिरवंच लागतं, पिवळं चालत नाही, आणि कुणी भूक लागली म्हणून फोडून खाल्लं तर त्याची नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. (हाच मुलगा सोळाव्या वर्षी मला म्हणाला होता की देवळातला ताईत म्हणजे नुसता कागद आणि दोरा. मक्याचे फुगे मात्र विज्ञान.) मी नवीन पाकीट आणलं, टाकी गच्च भरली, काटा भरलेला. सगळं छान.

मनाची खात्री म्हणून वेशीवरच्या भूमीदेव आजोबांना कौलही लावला. लाकडी चंद्रकोरी हातात घेऊन विचारलं, आजोबा, काटा भरलेला दाखवतोय, ठीक आहे ना? टाकल्या, तर एक पालथी, एक उताणी, म्हणजे हो. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. तिसऱ्यांदा विचारलं तर दोन्ही उताण्या, म्हणजे आजोबा हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. देव हसतो तेव्हा नीट विचारावं की कशाला हसताय, पण मागे रांग होती.

पुढचं तुझ्या कानावर आलं असेल, कारण ते सगळ्यांच्याच कानावर गेलं. भुतांच्या सातव्या महिन्यात, संध्याकाळी, मी बाजारातून परत येत होते, आणि आमच्या बोळात वळताच गाडी बंद. काटा भरलेला. आणि माझ्या मागे नेमकी कचऱ्याची गाडी, गाणं वाजवत. बोळ तो केवढा, ती पुढे जाईना, मागे जाईना, आणि गाणं काही थांबेना. सगळा बोळ पिशव्या घेऊन दारात. आधी सगळे आपापल्या दारात उभे राहिले, मग हळूहळू पिशव्या घेऊन मागे चालत गेले, आणि जाता जाता प्रत्येकजण माझ्या खिडकीत डोकावून विचारून गेला, पेट्रोल भरायला विसरलात का आजी? एखाद्यानंच विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. शेवटी मी कुणाकडे बघितलंच नाही, समोर ते हिरवं पाकीट होतं त्याच्याकडे बघत बसले. शेवटी शेजाऱ्यांनीच एक कॅन पेट्रोल ओतलं तेव्हा गाडी अंगणात आली. रात्री समोरच्या बाईनं बिंग-हुईला फोन केला. तिनं केला हे मला कसं कळलं विचारशील, तर तिचाही आवाज मोठाच आहे.

बिंग-हुई रविवारी आला. एकटाच आला, तेव्हाच ओळखलं. जेवला, भांडी घासली (भांडी घासली तेव्हा तर पक्कंच ओळखलं), आणि मग टेम्पोत जाऊन बसला. किल्ली फिरवली, काटा सरळ वर. मला बोलावून दाखवलं. म्हणाला, आई, हे बघ, काटा चांगला आहे. गाडीत पेट्रोल होतं तर गाडी थांबली नसती, आणि पेट्रोल नव्हतं तर काट्यानं सांगितलं असतं. मी म्हटलं, काटा भरलेलाच होता रे. तो म्हणाला, आई, तुला तसं आठवतंय. आता याला काय उत्तर द्यायचं सांग. आठवत नाही म्हणावं तर झालंच, आणि आठवतंय म्हणावं तर तेच तर दुखणं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात. डॉक्टरीण गोड होती, मला नात शोभेल एवढी. तिनं तीन वस्तू सांगितल्या, नंतर विचारते म्हणाली, मग वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले (बाजारात बसणाऱ्या बाईला हे विचारायचं म्हणजे माशाला पोहायला लावण्यासारखं, तिच्याआधी मीच तळाला पोचले), मग घड्याळ काढायला सांगितलं. मी आपल्या गावच्या शाळेवरचं काढलं, सव्वाचारला बंद पडलेलं, कारण घड्याळ म्हटलं की मला तेच दिसतं. तिनं सांगितलेली वेळ निराळी होती म्हणे. वस्तू मला दोन आठवल्या. ती म्हणाली, वयाच्या मानानं छान आहे, जरा लक्ष ठेवा. यातलं छान मी ऐकलं, जरा लक्ष ठेवा बिंग-हुईनं ऐकलं. घरी आल्यावर त्यानं टेम्पोची किल्ली खिशात टाकली आणि शिंचूला घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, थंडी पडायच्या आत तू आमच्याकडेच ये, चौदाव्या मजल्यावर छान ऊन येतं, बागेचं काय करायचं ते बघू.

लिएन, मी त्याच्यावर रागावले नाही. तो वाईट बोललाच नाही, तेच तर अवघड. पण तू मला ओळखतेस. टेम्पो नाही म्हणजे बाजार नाही, आलेवाली नाही, तिची सून नाही, पंप नाही, कुणाला वाटेत सोडणं नाही. टेम्पो नसला की मी म्हणजे अंगणातली कुंडी: पाणी घाला, उन्हातून सावलीत ठेवा, आणि थंडीच्या आधी चौदाव्या मजल्यावर न्या. तर अशी मी महिनाभर अंगणात बसले आणि टेम्पोही अंगणात उभा राहिला. (पपनसं बाजारात कशी गेली ते विचारू नकोस. गेली.)

आता परत किम-चुईकडे येते, तो फ्रिज उघडून उभा आहे. तेवढ्यात बिंग-हुईची गाडी आली. तो, सूनबाई पेइ-शान, आणि नात. नातीनं आल्या आल्या पपनसाच्या सालीची टोपी करून घातली आणि ती रात्री झोपेपर्यंत काढली नाही. शेगडी पेटवली, सॉसेज लावले, आणि लक्षात आलं की कोळसा पुरणार नाही. बिंग-हुई म्हणाला, मी घेऊन येतो. त्याच्या गाडीपुढे किम-चुईची स्कूटर, स्कूटरपुढे शेगडी, म्हणून त्यानं खिशातून टेम्पोची किल्ली काढली. काढताना माझ्याकडे बघितलं नाही. गाडीत बसला, काटा बघितला, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं पेइ-शानला म्हणाला, हे बघ, त्या दिवशी शेजाऱ्यांनी एक कॅन ओतला होता, आणि टाकी गच्च भरलेली. आई म्हणते काटा खराब. आणि गेला. (एका कॅननं टाकी गच्च होत नाही, हे इंजिनीअरला सुचलं नाही.)

आम्ही वाट बघितली. सॉसेजची एक बाजू झाली, दुसरी झाली, नातीनं तिसरी शोधून काढली. मग बोळाच्या तोंडाशी बिंग-हुई दिसला. पायी. खांद्यावर कोळशाची गोणी, पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा, आणि कडेनं सगळ्या दारांतून माणसं, कारण सणाचा दिवस, सगळे अंगणातच. गाडी भूमीदेव आजोबांच्या देवळासमोर बंद पडली होती. तो फाटकाशी आला, गोणी खाली ठेवली, घाम पुसला, म्हणजे काळं सगळीकडे पसरवलं. मी एवढंच विचारलं, पेट्रोल भरायला विसरलास का रे?

लिएन, इतक्या वर्षांत असा सण झाला नाही.

पण तो इंजिनीअर आहे, हरला असं लगेच म्हणत नाही. म्हणाला, गाडी महिनाभर जागची हलली नाही, मग पेट्रोल गेलं कुठं? किम-चुई म्हणाला, उन्हानं उडालं असेल. बिंग-हुई म्हणाला, बंद टाकीतून उडत नाही. किम-चुई म्हणाला, कारखान्यातल्या टाकीतून उडत नसेल इंजिनीअर साहेब, आमच्याकडचं ऊन वेगळं आहे. मी सॉसेज उलटत होते, मी त्यात पडले नाही.

मग दोघांनी बोळातल्या चार जणांना घेऊन टेम्पो ढकलत आणला. आता किम-चुईचा दरबार सुरू झाला. आधी म्हणाला, मीटर गेलं. मीटरचा काटा काढून बघितला, पुन्हा बसवला, म्हणाला, मीटर गेलेलं नाही, मी आधीच म्हणत होतो. मग म्हणाला, उंदरानं वायर खाल्ली. पेइ-शान वायरभर बॅटरी फिरवत रांगली, उंदीर निघाला नाही, माझा हरवलेला एक हातमोजा निघाला. शेवटी बिंग-हुई म्हणाला, काका, टाकीकडून येणारी वायर काढा आणि मी सांगतो तेव्हा लोखंडाला टेकवा. वायर काढली तर काटा मुकाट्यानं खाली आला. टेकवली तर वर. दोघंही एकदम म्हणाले, टाकीच्या आत आहे. नंतर बराच वेळ आधी कोण म्हणालं यावर वाद झाला. मी तुला समजेल असं सांगते: संडासाच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा असतो ना दांडीला लावलेला, तसाच पेट्रोलच्या टाकीत असतो. पेट्रोल उतरलं की गोळा उतरतो, दांडी उतरते, आणि समोर काटा उतरतो. म्हणजे काटा बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याला आतून जे सांगितलं जात होतं तेच तो सांगत होता. (असे लोक तुला मला दोघींनाही माहीत आहेत.)

टाकी उघडायची म्हणजे शेगडी विझवायला हवी. हे मी सांगितलं. दोन शिकलेली आणि एक मेकॅनिक, तिघंही निखाऱ्यापासून हाताच्या अंतरावर पेट्रोलची टाकी सोडवत होते. मी बादलीभर पाणी शेगडीवर ओतलं. सॉसेज धुऊन निघाले, कोळशाची ती एवढ्या कष्टानं आणलेली गोणी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि सगळी माणसं उपाशीपोटी टेम्पोखाली वाकली. नात म्हणाली, आजी, मी पपनस खाऊ? तेवढंच काय ते जेवण.

टाकी खाली काढली. किम-चुईनं वरचं झाकण सोडवलं आणि दांडी बाहेर ओढायला लागला, तर ती येईना. दांडी वर अडकून बसली होती. थोडी हलवली, वाकडी केली, शिव्या दिल्या (हळू, नात होती), आणि एकदाची ती आली. गोळ्याच्या गळ्याभोवती, दांडीच्या सांध्याभोवती, वेढ्यावर वेढे घालून लाल दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीतला पिवळा ताईत. मादौच्या मोठ्या देवळातला. पेट्रोलमध्ये राहून रंग गेलेला, पण शिक्का ओळखू येत होता.

किम-चुई ताठ उभा राहिला. म्हणाला, वहिनी, तुमच्या टाकीत देव निघाला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिक आहे, या घरात ताईत म्हणजे मी. माझ्या मनातसुद्धा क्षणभर आलं, मीच टाकला की काय आणि विसरले? लिएन, तो एक क्षण मात्र वाईट होता. चौदावा मजला दिसायला लागला. ते छान ऊनसुद्धा दिसलं.

पण पेइ-शान माझ्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. म्हणाली, नव्या वर्षाला परत जायच्या दिवशी तू देवळासमोर गाडी थांबवली होतीस. बिंग-हुई म्हणाला, लघवीला. ती म्हणाली, लघवीला अर्धा तास? परत आलास तेव्हा शर्टाला उदबत्त्यांचा वास येत होता. मला वाटलं चोरून सिगारेट ओढलीस आणि वास मारायला देवळात जाऊन आलास. आठ महिने मी तुझे खिसे तपासतेय.

बिंग-हुईनं आभाळाकडे बघितलं. चंद्र अजून आला नव्हता, बघण्यासारखं काही नव्हतं. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, विसरलो होतो.

किम-चुईनं कानामागे हात धरला. काय म्हणालात साहेब? इकडे जरा ऐकू कमी आलं.

विसरलो होतो, म्हणाला. या वेळी बोळानं ऐकलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, त्या दोऱ्यासारखंच, एकेक वेढा. नव्या वर्षाला त्यानं पहाटे मला धुक्यात टेम्पो काढताना बघितलं होतं. मोठमोठे ट्रक जातात त्या रस्त्यावर माझा लाल दिवा लांब लांब जाताना बघितला म्हणे, आणि तो तिकडे शिंचूला, मी इकडे. म्हणून परत जायच्या दिवशी ताईत घेऊन आला. तो आरशाला टांगायचा तर मी हसले असते, सोळाव्या वर्षीचं काढलं असतं. (काढलं असतं.) म्हणून पंपावर नेऊन माझी टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावायच्या आधी ताईत आत सोडला. मी विचारलं, अरे पण टाकीत? तर म्हणतो, गाडी तिथूनच चालते ना आई, म्हटलं मुळातच असावा. लोक देव पाण्यात घालून बसतात, माझ्या इंजिनीअर लेकानं पेट्रोलात घातला. टाकी भरलेली, गोळा वर तरंगलेला, दोरा त्याला गुरफटला आणि तिथंच धरून ठेवला. देवानं जे धरलं ते सोडलं नाही.

मी घरात गेले आणि सगळ्यांसाठी पपनस सोलायला घेतलं. सालीचा फवारा डोळ्यात गेला, तो जातोच.

बाहेर आले तेव्हा बिंग-हुई दारात उभा होता. त्यानं किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली, मोठ्यांना देतात तशी. चौदाव्या मजल्याबद्दल बोलला नाही, मीही नाही. म्हटलं, दवाखान्यातल्या त्या गोड मुलीकडे तुझं नाव घालू का घड्याळ काढायला? तो हसला. काळं तोंड, त्यात पांढरे दात, अगदी ह्यांच्यासारखा दिसला, विहिरीतून गाळ काढून आल्यावर हे दिसायचे तसा.

एक गोष्ट मात्र मी त्या सगळ्यांना सांगितली आणि तुलाही सांगते. गाडी तीनदा थांबली. एकदा पुलावर, मागे एकही ट्रक नव्हता. एकदा कचऱ्याच्या गाडीपुढे, जी चालत्या माणसापेक्षा हळू येते. आणि एकदा खुद्द भूमीदेवांच्या दारात. तिन्ही वेळा खरचटलंसुद्धा नाही. मग ताईतानं काम केलं की नाही? बिंग-हुई म्हणाला, आई, ताईतामुळेच तर गाडी थांबली. मी म्हटलं, तेच म्हणतेय मी. यावर पेइ-शाननं मान हलवली, कुणासाठी ते कळलं नाही.

किम-चुईनं दांडी सरळ केली, पण ती वाकली ती वाकलीच, म्हणून दोन दिवसांनी भंगारातल्या टेम्पोची आणून बसवली. आता काटा खाली येतो. पहिल्यांदा खाली येताना बघितला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन नुसतं बघत बसले. अर्ध्यावर आला तशी पंपावर गेले. पंपावरच्या पोरीला सांगितलं, बघ, अर्धा. तिला काय कळणार. ताईत धुऊन, दोरा आखूड करून आरशाला टांगलाय. आत बसलं की पेट्रोलचा वास येतो, आलेवाली माझ्याबरोबर यायला तयार नाही, पण देवाला वास येणारच, इतके दिवस कुठं होता बघ ना. धुतलेले सॉसेज रात्री तव्यावर भाजले. चंद्र चांगला आला होता.

भाऊजींना सांग, खोकल्यावर पपनसाची साल वाळवून पाण्यात उकळून घ्या. पार्सलमध्ये पपनसं पाठवलीत, वरची दोन लगेच खा, खालची जितकी जुनी होतील तितकी गोड. आपल्यासारखी, असं मी म्हणणार होते, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तुझी थोरली बहीण,
त्वान

ता. क. वर मी लिहिलं आहे की महिनाभर टेम्पो अंगणात उभा होता. कुणी विचारलं तर तूही तसंच सांग. दुसरी किल्ली, जी ह्यांच्या वेळेला हरवली असं सगळे समजतात, ती तांदळाच्या पिंपात तळाला आहे. पपनसं पिकली की थांबत नाहीत, आणि आलेवालीच्या सुनेचं अर्धवट राहिलं होतं. शेजाऱ्यांनी ओतलेलं पेट्रोल उन्हानं उडालं हेच खरं धर. किम-चुईला सगळं माहीत आहे; तो बियरवर गप्प बसतो.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या महिन्यात माझ्या परवान्याची तारीख आहे आणि पंच्याहत्तरीनंतर तिथंही तीच डोक्याची परीक्षा घेतात. भाऊजींची मागच्या वर्षी झाली ना? त्यांना कोणत्या तीन वस्तू विचारल्या होत्या ते लिहून पाठव, म्हणजे मी आत्तापासून पाठ करते. घड्याळात किती वाजवायला सांगितले तेही कळव. मी हे आधी विचारलं असेल आणि तू कळवलंही असशील, तर रागावू नकोस, पुन्हा कळव. ते पत्र मी फार जपून ठेवलंय आणि कुठं ठेवलंय ते आठवत नाही. तांदळाच्या पिंपात बघितलं, नाही.

शेवटचं. बिंग-हुई, पेइ-शान आणि नात परत येणार आहेत, थंडीतल्या सगळ्यात लहान दिवशी, तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांच्या वाटीला. जाताना त्यानं गाडीतून दोनदा विचारलं, आई, यंदा तो कोणत्या वारी येतो? दोन्ही वेळा मीच सांगितलं, रविवारी.